आपला संगणक मेला नव्हता

मुलांनो, दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हा ऑफिसातल्या कपाटामागे एक मोठे गोणपाट तुम्ही पाहिले असेल. त्याखाली आपला जुना संगणक होता. चौथीतल्या एकीने मला विचारले, "गुरुजी, यो मेला काय?" मी घाईत होतो. "हो, मेला," असे म्हणून हजेरी घ्यायला गेलो. ते उत्तर चुकले होते. गुरुजींचेही उत्तर चुकते, बरे का! चुकलेले उत्तर खोडून बरोबर उत्तर लिहावे असे मी तुम्हांला रोज सांगतो, म्हणून हा लेख. लेख लांबला आहे, चार कागद चिकटवावे लागले. मधल्या सुट्टीत रोज एक कागद वाचला तरी चालेल. पहिली-दुसरीच्या मुलांना मोठ्यांनी वाचून दाखवावे.

आधी त्या संगणकाची हकिगत ऐका. २०१२ साली गावाने वर्गणी काढून तो शाळेला दिला. कुणी पन्नास रुपये दिले, कुणी पाचशे. मासळी विकणाऱ्या मावश्यांनी वाट्यातले पैसे काढून दिले. जडसंग्रह नोंदवहीत त्याची नोंद आहे. २०१५ साली याच संगणकाला माइक जोडून आपण गावातल्या एका धवलारीण आजींचे धवले भरून घेतले होते. लग्नातले धवले त्यांना जितके तोंडपाठ होते तितके आता आसपास कुणाला येत नाहीत. त्या आजी दोन वर्षांपूर्वी गेल्या. "यो मेला काय?" असे विचारणारी मुलगी त्यांची पणती. ती पुढे म्हणाली, "माझे आजीचा आवाज हाय त्यान." तेव्हा कुठे मी भानावर आलो.

कारण त्याच आठवड्यात शाळा व्यवस्थापन समितीची सभा होती आणि तीत जुन्या सामानाच्या निर्लेखनाचा विषय होता. निर्लेखन म्हणजे नोंदवहीतून नाव काढून वस्तू भंगारात देणे. दुरुस्तीवाल्याने संगणक आधीच पाहिला होता. "याच्यात नवी विंडोज चढत नाय गुरुजी. नवीन घ्या," असे सांगून तो गेला होता. त्याचे म्हणणे खोटे नव्हते, पण पुरते खरेही नव्हते. ते का, हे समजायला संगणकाच्या पोटात डोकवावे लागेल.

संगणकात गणित करणारा एक भाग असतो, त्याला प्रोसेसर म्हणतात. दुसरी असते रॅम. ती म्हणजे आपला फळा. गणित सोडवायचे तर फळ्यावर लिहायला जागा हवी. शाळा सुटली की फळा पुसला जातो, तशी वीज बंद झाली की रॅम कोरी होते. तिसरी हार्ड डिस्क. ती म्हणजे कपाट. कपाटातल्या वह्या शाळा बंद असली तरी तशाच राहतात. धवले होते ते या कपाटात.

आता फळा आहे, कपाट आहे, गणित करणाराही आहे. पण कुणी आधी फळा वापरायचा, कुणाची वही कोणत्या खणात ठेवायची, घंटा कधी द्यायची, हे कोण ठरवणार? शाळेत हे काम मुख्याध्यापक करतात. संगणकात जो प्रोग्रॅम हे काम करतो त्याला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. आपण तिला नुसते 'प्रणाली' म्हणू. विंडोज ही एक प्रणाली आहे. मुख्याध्यापक बदलून गेले म्हणून शाळेची इमारत पडत नाही. तसेच प्रणाली बिघडली म्हणून यंत्र मरत नाही. दोन गोष्टी वेगळ्या आहेत. माझी चूक झाली ती इथेच.

आपल्या संगणकात विंडोज ७ होती. तिची डागडुजी करणे कंपनीने १४ जानेवारी २०२० पासून थांबवले. डागडुजी कशाची, असे विचाराल. पावसाळ्याआधी आपण कौले चाळतो ना, तशी प्रणालीची कौलेही सारखी चाळावी लागतात. चोरट्यांना आत शिरायला फट सापडली की ती बुजवावी लागते. कंपनीचा माणूस यायचा बंद झाला. पुढे विंडोज १० चेही तेच झाले, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. आणि विंडोज ११ म्हणते, मला निदान ४ जीबी रॅम पाहिजे, ६४ जीबी जागा पाहिजे आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षेची खास सोय पाहिजे. आपल्या यंत्रात रॅम २ जीबी. ती खास सोय तर मुळीच नाही. म्हणून दुरुस्तीवाला बरोबर बोलला.

पण मग आपले छप्पर आपणच चढून नीट करावे, तर? तसे करता येत नाही. विंडोज कशी लिहिली आहे हे कंपनी तुम्हांआम्हांला दाखवत नाही. बाजारातल्या मसाल्याच्या पुडीसारखे हे आहे. पुडी आणा, रस्सा करा, पण आत काय किती ते विचारू नका. आपल्या घरी मे महिन्यात मिरच्या उन्हात वाळतात, डंकावर मसाला कुटला जातो, त्याचे तसे नाही. आजीला प्रमाण ठाऊक असते, ती सुनेला सांगते, शेजारीण विचारते तर तिलाही सांगते. शेजारीण धणे थोडे वाढवते आणि तिचा मसाला निराळा होतो. कुणी कुणाची परवानगी घेत नाही.

संगणकाच्या जगात या दुसऱ्या जातीचे प्रोग्रॅमही आहेत. त्यांना मुक्त प्रोग्रॅम म्हणतात. मुक्त म्हणजे नुसता फुकट नव्हे. तो कसा लिहिला आहे ते वाचता येते, तो बदलता येतो, आणि बदललेला दुसऱ्याला देता येतो. अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये अशी एक संपूर्ण मुक्त प्रणाली बनवण्याचे जाहीर केले. तिचे नाव ग्नू. १९८९ मध्ये त्यांनी एक परवानापत्र काढले. त्यातली मेख अशी, की मुक्त प्रोग्रॅम बदलून तुम्ही दुसऱ्याला दिलात, तर त्याचे 'प्रमाण'ही द्यायचे, दडवायचे नाही. पण त्यांच्या प्रणालीचा गाभा तयार व्हायचा राहिला होता. तो १९९१ मध्ये फिनलंड देशातील हेलसिंकीच्या विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टॉरवाल्ड्स या २१ वर्षांच्या मुलाने लिहिला. त्याचे नाव लिनक्स. त्याने तो साध्या घरगुती संगणकावर लिहिला, आणि सगळ्यांना वाचायला देऊन टाकला. मग जगभरची माणसे त्यात भर घालू लागली. पेंग्विन पक्ष्याचे चित्र ही लिनक्सची खूण आहे.

लिनक्सच्या गाभ्याभोवती निरनिराळ्या लोकांनी निरनिराळे संसार मांडले आहेत. त्यांतला १९९३ पासून चालत आलेला एक म्हणजे डेबियन. तो कुणा एका कंपनीचा नाही, स्वयंसेवकांचा आहे. आणि आता गंमत ऐका. खारघर स्टेशनातून बाहेर पडलात की समोरच्या बाजूला, बेलापूरच्या सेक्टर ७ मध्ये, सी-डॅक या सरकारी संस्थेची कचेरी आहे. याच सी-डॅकने डेबियनवरून एक भारतीय प्रणाली बनवली. तिचे नाव 'बॉस', म्हणजे भारत ऑपरेटिंग सिस्टिम सोल्यूशन्स. पहिली आवृत्ती २००७ मध्ये निघाली. तिच्यात मराठीसह अनेक भारतीय भाषा आहेत, आणि शाळांसाठी तिचा 'एज्युबॉस' नावाचा वेगळा अवतारही काढला गेला.

ही मराठी तिथे आपोआप आलेली नाही. 'फाइल उघडा', 'जतन करा', 'रद्द करा' असे हजारो शब्द कुणीतरी बसून एकेक करून मराठीत लिहिले. मुंबईच्या व्ही.जे.टी.आय. या कॉलेजातील प्राध्यापक जितेंद्र शहा आणि त्यांच्या इंडिकट्रान्स या गटाने लिनक्स मराठीत आणण्यासाठी पुष्कळ खटपट केली. पुढे इतरांनीही हातभार लावला. बंद प्रोग्रॅम असता तर कंपनीच्या मनात येईपर्यंत थांबावे लागले असते. इथे थांबावे लागले नाही. काही शब्द मला मात्र पटत नाहीत. फार जड आहेत. पण तुम्ही मोठे झालात आणि तुम्हांला सोपा शब्द सुचला, तर तो सुचवता येतो.

"पण गुरुजी, आपला संगणक किती हळू चालतो!" असे तुमच्यापैकी कुणी म्हणेल. त्याला एक दाखला देतो, आणि तो आपल्याच जिल्ह्यातला आहे. रायगड जिल्ह्यात खैराट-धनगरवाडा येथे एक लहानशी शाळा आहे. पहिली ते चौथीची वीसबावीस मुले, एक खोली, एक शिक्षक. २००७ साली 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' या जागतिक योजनेचा भारतातला प्रयोग तिथे झाला. त्या हिरव्या-पांढऱ्या लॅपटॉपला एक्सओ म्हणत. त्याची रॅम किती होती? २५६ एमबी. हार्ड डिस्क नव्हतीच, नुसती १ जीबी जागा. आणि प्रणाली होती लिनक्सवर चालणारी, मुलांसाठी बनवलेली 'शुगर'. त्याच्यावर मुले चित्रे काढत, फोटो घेत, लिहीत. आता गणित करा. १ जीबी म्हणजे १,०२४ एमबी. आपला कपाटामागचा संगणक २ जीबीचा. म्हणजे २,०४८ भागिले २५६. उत्तर आले? आठ! खैराटच्या मुलांकडे होता त्याच्या आठपट मोठा फळा आपल्याकडे होता, आणि आपण तो गोणपाटाखाली झाकून ठेवला होता.

मग आपला संगणक रखडायचा का? कारण नव्या प्रणाल्या स्वतःच अर्ध्याहून जास्त फळा भरून टाकतात. सावल्या, झुळझुळणाऱ्या खिडक्या, मागे गुपचूप चालणारी कामे. उरलेल्या चार बोटे जागेत तुमचे गणित मावत नाही. मग गणित करणारा थोडे लिहितो, वही कपाटात ठेवायला पळतो, दुसरी काढतो, पुन्हा पळतो. त्याचा वेळ जातो तो पळण्यात. हलकी प्रणाली घातली तर ती फळ्याचा एक कोपराच घेते. लिनक्सला कपडे बदलता येतात. भरजरी पोशाखही आहेत, आणि एलएक्सक्यूटी, एक्सएफसीई असे साधे सुती पोशाखही आहेत. एलएक्सक्यूटी घातलेला लिनक्स अर्ध्या जीबीच्या आसपास जागेत उभा राहतो. आपल्याला तोच हवा होता.

सभेच्या आदल्या शनिवारी पाचवीच्या मुलांना घेऊन आम्ही संगणक बाहेर काढला. आत धूळ इतकी, की पाटीवर ठेवून अक्षर गिरवता आले असते. शिवाय पालीची दोन अंडी. मऊ ब्रशने सगळे झाडले. बटण दाबले तर पडदा काळाच, नुसते टीक-टीक-टीक. माझ्या पोटात गोळा आला. मग पट्टीसारखी दिसणारी रॅम काढली आणि तिच्या सोनेरी दातांवर खोडरबर फिरवले. हो, तेच तुमचे दप्तरातले खोडरबर! हवेने त्या दातांवर काळसर थर चढतो, तो खोडरबराने निघतो. (हे वीज काढून, भिंतीतला प्लग उपटूनच करायचे. घरी एकट्याने तर मुळीच करायचे नाही.) पट्टी परत बसवली आणि पडदा उजळला. मुलांनी एवढा ओरडा केला की हेडबाई धावत आल्या.

पण संगणक म्हणत होता की आज १ जानेवारी २००९ आहे! आत बटणाएवढा एक सेल असतो, त्याच्यावर संगणकाचे घड्याळ चालते. तो संपला होता. त्याच्यावर सीआर २०३२ असे छापलेले असते. २० म्हणजे व्यास २० मिलिमीटर, ३२ म्हणजे जाडी ३.२ मिलिमीटर. मोजपट्टी घेऊन बघा. घड्याळवाल्याकडे सेल मिळाला. तारीख चुकली तर इंटरनेटवरची पुष्कळशी पाने उघडत नाहीत, म्हणून हा लहानसा सेल महत्त्वाचा.

आता विंडोज काही उघडेना. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे यायची आणि पुन्हा पहिल्यापासून. इथे पेनड्राइव्हची युक्ती केली. माझ्या घरून डेबियन उतरवून आणले होते, साधारण तीन जीबी. ते नुसते पेनड्राइव्हवर ठेवून चालत नाही, एका छोट्या प्रोग्रॅमने त्यावर 'लिहावे' लागते. मग संगणक सुरू होतानाच एफ-बाराची कळ दाबायची (काही यंत्रांत दुसरी कळ असते) आणि सांगायचे, कपाटातून नको, पेनड्राइव्हवरून उठ. असे केले की हार्ड डिस्कला धक्का न लावता लिनक्स चालू होतो. पसंत नाही पडला तर पेनड्राइव्ह काढून घ्या, काही बदललेले नसते. नवे मुख्याध्यापक आठ दिवस येऊन बसले आणि दप्तराला हात न लावता गेले, तसे.

निळा पडदा आला, खाली छोटी पट्टी आली. मी जुन्या हार्ड डिस्कवर टिचकी मारली. सगळी कपाटे जशीच्या तशी! २०१४ चे स्नेहसंमेलन, २०१६ ची सहल, पटसंख्येचे तक्ते. आणि 'धवले' नावाची पेटी, तीत अकरा फायली. पहिली लावली. आधी कुणीतरी खोकले, मग पंख्याची घरघर, आणि मग आजींचा आवाज. पणती पुढे उभी होती. ती काही बोलली नाही, तिने आवाज वाढवायची कळ तेवढी दाबली. त्या दिवशी दुसरे काही काम केले नाही. अकराच्या अकरा फायली दोन पेनड्राइव्हवर उतरवून घेतल्या. एक शाळेत आहे, एक त्यांच्या घरी दिला. हे आधी करायचे, लक्षात ठेवा. नवी प्रणाली कायमची बसवताना जुने कपाट पुसले जाते. वह्या आधी बाहेर काढल्या नाहीत तर त्या गेल्या.

सोमवारी डेबियन कायमचे बसवले. तासाभराचे काम. भाषा मराठी निवडली. लिहिण्यासाठी लिबरऑफिस आले. जीकॉम्प्रि नावाचा खेळांचा संच आला. तो २००० साली फ्रान्सच्या ब्रुनो कुदुआँ यांनी सुरू केला. त्यात शंभरावर खेळ आहेत, घड्याळ वाचण्यापासून बुद्धिबळापर्यंत. चित्रांसाठी टक्स पेंट आले. कशाचेही पैसे पडले नाहीत आणि काहीही चोरून घेतलेले नाही. ही दुसरी गोष्टही मोठी आहे. विंडोजची चोरटी नक्कल घालून देणारे पुष्कळ भेटतात. शाळेने ते करू नये असे मला वाटते.

आता खोड्याही सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल गुरुजी नुसतेच कौतुक करतात. छपाईच्या यंत्राने चार दिवस रडवले. ऑफिसची एक-दोन कामे विंडोजवाचून होत नाहीत, ती हेडबाई आपल्या लॅपटॉपवर करतात. इंटरनेटवरची चित्रफीत मोठी करून लावली की यंत्र धापा टाकते. आणि हार्ड डिस्क तेरा-चौदा वर्षांची झाली आहे, ती कधी बसेल सांगता येत नाही. म्हणून तिच्यावरचे सगळे दुसरीकडेही ठेवतो. पुढे-मागे तिच्याऐवजी एसएसडी घातली तर यंत्र खूपच चपळ होईल, कारण एसएसडीत फिरणारी तबकडी नसते. त्यासाठी थोडे पैसे लागतील.

सभेत हे सारे सांगितले, धवलाही ऐकवला. निर्लेखनाच्या यादीतून हा संगणक वगळण्याचे ठरले. वर्गणी देणाऱ्यांपैकी एक काका सभेत होते. ते म्हणाले, "आमचे पैशे अजून फिरतान म्हंजे!" भंगारात गेला असता तर काय झाले असते तेही तिथेच निघाले. भंगारवाले तारा जाळून तांबे काढतात, तो काळा धूर आपल्याच नाकात जातो. जुन्या पेटीसारख्या मॉनिटरच्या काचेत शिसे असते, तेही मातीत जाते. खराखुरा मोडलेला संगणक सरकारमान्य ई-कचरा केंद्रातच द्यावा लागतो.

राहिला दुसरा संगणक. तो बेलापूरच्या एका कचेरीने वापरून झाल्यावर आपल्याला दिलेला, याच्याहूनही जुना. रॅम ५१२ एमबी, आणि जात ३२ बिटांची. ३२ बिट म्हणजे काय? फळ्यावरच्या प्रत्येक चौकोनाला पत्ता द्यायला त्याच्याकडे शून्य आणि एक यांचे ३२च अंक आहेत. त्यांतून ४,२९,४९,६७,२९६ पत्ते बनतात, म्हणजे ४ जीबी. त्यापुढचे पत्तेच संपले. नवी यंत्रे ६४ बिटांची असतात. आता लिनक्सवालेही ३२ बिटांना हळूहळू निरोप देत आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेले डेबियन १३ अशा यंत्रावर नव्याने बसवता येत नाही. ज्या ३८६ जातीच्या यंत्रावर लिनक्स जन्मला, त्या जातीलाच लिनक्सने २०१२ मध्ये वगळले! फुकट काम करणाऱ्या माणसांचेही हात दोनच. पण डेबियन १२ बसते, आणि त्याची डागडुजी जून २०२८ पर्यंत होत राहणार आहे. तोवर टंकलेखनाच्या सरावाला तरी तो चालेल की नाही, हे उघडून पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही.

तो येत्या शनिवारी परिपाठानंतर उघडायचा आहे. तिसरी आणि चौथीच्या मुलांनी व्हरांड्यात जमावे. येताना प्रत्येकी एक खोडरबर आणावे, नवे नको, अर्धे झिजलेले चालेल. ज्यांच्या घरी जुना मऊ ब्रश असेल त्यांनी तोही आणावा. पहिल्या संगणकाचे वेळापत्रक ऑफिसच्या दारावर लावले आहे. चौथी सोमवारी, तिसरी मंगळवारी, दुसरी गुरुवारी, पहिली शुक्रवारी. बुधवारी पाचवीची मुले धवल्यांतले शब्द ऐकून लिहून काढणार आहेत. ज्यांच्या आज्यांना ते शब्द समजतात, त्यांनी आज्यांना विचारून ठेवावे.